भुरभुर पाऊस, बर्फ आणि सायकलचे पुढचे चाक

मुंबईत आजवर नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे. २२ जानेवारी १९६२ रोजी ते सांताक्रूझला नोंदले गेले. पाणी गोठायला शून्य अंश लागत असल्याने या शहराच्या रस्त्यावर बर्फ साचण्याचा प्रश्नच येत नाही. हिवाळ्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी अधूनमधून येते, तेवढाच आपला आणि बर्फाचा संबंध. तरीही थंड देशांत हिवाळ्यात सायकलस्वार ज्या कारणाने आणि ज्या पद्धतीने आपटतात, अगदी तसेच ते मुंबईत जूनमध्ये आपटतात. त्यातही धो धो पावसापेक्षा, बऱ्याच दिवसांनी जरा भुरभुर सुरू झाली की पहिल्या काही मिनिटांतच रस्ता अधिक धोकादायक असतो. बर्फाचा रस्ता आणि पहिल्या पावसाचा रस्ता यांच्यातले हे साम्य वरवरचे नाही. ते समजून घेतले की सायकल नेमकी कुठे आणि केव्हा घसरणार, याचा अंदाज बऱ्यापैकी आधी बांधता येतो.

आधी सायकल उभी कशी राहते ते पाहू. सायकल डावीकडे कलू लागली की चालवणारा, बहुतेक वेळा स्वतःच्या नकळत, हँडल किंचित डावीकडे वळवतो, त्यामुळे चाके सरकून पुन्हा शरीराच्या वजनाखाली येतात आणि सायकल सावरते. सरळ रस्त्यावरही ही दुरुस्ती अखंड चालू असते. पावसात ओल्या रस्त्यावर उमटलेला चाकाचा माग पाहिला तर तो कधीच सरळ रेषेत नसतो, ते याचमुळे. ही दुरुस्ती होण्यासाठी पुढच्या चाकाने रस्ता धरून ठेवलेला असला पाहिजे. मागचे चाक घसरले तर सायकलचा मागचा भाग बाजूला सरकतो, पण हँडल अजून कामाचे असते आणि थोड्या सरावाने माणूस सावरू शकतो. पुढचे चाक सुटले तर हँडल कितीही वळवले तरी चाक वजनाखाली येत नाही, कारण तोल सावरण्याचे साधनच गेलेले असते. मोटार घसरते तेव्हा ती सरकत जाऊन कशावर तरी आदळण्याचा धोका असतो. सायकल घसरते तेव्हा माणूस जागच्या जागी, हात टेकवायलाही उसंत न मिळता, एका कुशीवर पडतो. मनगट, कोपर आणि खुब्याचे हाड यांना मार बसतो तो अशा पडण्यात, आणि मुंबईच्या रस्त्यावर मागून येणारी बस हा त्याहून मोठा धोका असतो.

आता घर्षणाकडे वळू. टायर रस्त्याला किती धरतो हे सांगण्यासाठी घर्षणांक नावाचा एक साधा आकडा वापरतात: चाकावर जितके वजन आहे, त्याच्या किती पट जोर चाक आडव्या दिशेने पेलू शकते, तो हा आकडा. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर तो साधारण ०.७ ते ०.८ असतो. स्वच्छ पण ओल्या रस्त्यावर ०.५ च्या आसपास येतो. ओले लोखंड किंवा तेलकट चिखलाचा थर असेल तर ०.३ किंवा त्याहूनही खाली जातो, आणि बर्फावर जेमतेम ०.१ उरतो. या आकड्यांचा सायकलस्वाराच्या दृष्टीने अर्थ असा की ०.७ असताना सायकल वळणावर सुमारे ३५ अंश कलली तरी चाक धरून राहते, ०.३ असताना १७ अंशांच्या पुढे सुटते, आणि ०.१ असताना सहा अंशांतच सुटते. सहा अंश म्हणजे इतके कमी, की रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला सायकल सरळच चालली आहे असे वाटेल.

बर्फ इतका निसरडा का असतो, याचे उत्तर शोधायला विज्ञानाला बराच काळ लागला. मायकेल फॅरडे यांनी १८५० साली लंडनमध्ये दाखवून दिले की बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले तर ते चिकटतात, आणि त्यावरून त्यांनी असे सुचवले की बर्फाच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूच्या खालीही द्रवासारखा एक पातळ थर असतो. पुढे १८८६ साली जॉन जॉली यांनी दाबामुळे बर्फ वितळतो असे स्पष्टीकरण मांडले आणि शाळेच्या पुस्तकांतून तेच अनेक पिढ्या शिकवले गेले. सायकलचा हिशेब केला तर ते तोकडे पडते. बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायला सुमारे १३० वातावरणांइतका, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या १३० पट, दाब लागतो आणि सायकलच्या टायरचा रस्त्यावरचा दाब त्यातल्या हवेच्या दाबाइतकाच, म्हणजे तीन-चार वातावरणांचा असतो. एवढ्या दाबाने वितळणबिंदू एका अंशाच्या तीस-चाळिसाव्या भागाइतकासुद्धा हलत नाही. आज ज्याला अधिक मान्यता आहे ते स्पष्टीकरण फॅरडे यांच्या सूचनेच्या जवळ जाते. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूने धरून ठेवणारे कोणी नसल्याने ते सैल असतात, आणि घसरताना घर्षणाने निर्माण होणारी उष्णता त्या सैल थरात आणखी भर घालते. म्हणूनच उणे तीस अंशांवरचा कडक बर्फ पुष्कळ कमी निसरडा असतो, आणि शून्याच्या अगदी जवळ आलेला, वितळू की नको अशा अवस्थेतला बर्फ सर्वांत घातक ठरतो.

मुंबईच्या रस्त्याशी दुवा जुळतो तो इथे. निसरडेपणा थराच्या जाडीपेक्षा थराच्या चिवटपणावर आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळते की नाही यावर अवलंबून असतो. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत शहरात पाऊस जवळजवळ पडत नाही. त्या काळात रस्त्यावर डिझेलचे थेंब, इंजिनाचे तेल, झिजलेल्या टायरांची भुकटी, बांधकामांची धूळ आणि सिमेंटची पूड साचत राहते. पहिल्या सरीचे थोडेसे पाणी या सगळ्यात मिसळले की राबडी तयार होते. ती रस्त्याच्या खडीमधल्या बारीक खाचा भरून टाकते आणि रबराला दगड लागूच देत नाही. जोराचा पाऊस तासभर पडला की हा थर गटारात वाहून जातो आणि रस्ता ओला असूनही आधीपेक्षा बरा होतो. अमेरिकेतल्या ४८ राज्यांच्या १९७५ ते २००० या काळातील अपघातांचा डॅनियल आयझेनबर्ग यांनी केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. शेवटचा पाऊस पडून जितके अधिक दिवस लोटलेले असतात तितका नव्या पावसाच्या दिवशी अपघातांचा धोका वाढलेला दिसतो, असा त्याचा एक निष्कर्ष होता. त्या आकडेवारीत मोटारी मुख्य होत्या, पण रस्त्यावर थर साचण्याचे तत्त्व चाकांची संख्या पाहत नाही.

मुंबईत पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला, आणि त्याआधीही मे महिन्यात वळवाच्या सरी येऊन जातात. त्यामुळे ‘पहिला पाऊस’ हा एकच दिवस धरून चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर उघडीप मिळाली की थर पुन्हा साचायला लागतो, आणि त्यानंतरची पहिली सर पुन्हा तेच करते. परतीच्या पावसातही हेच घडते. जानेवारीच्या पहाटे आरे कॉलनीच्या झाडीतून जाणाऱ्या रस्त्यावर दव पडलेले असते, तेव्हा तर पाऊस नसतानाही हा थर ओला असतो आणि कोणाच्या ध्यानीमनी नसते.

मोटारी आणि विमानांच्या बाबतीत आणखी एका घसरण्याची चर्चा होते: चाक पाण्यावर तरंगू लागणे. सायकलस्वारांना ही भीती उगीचच घातली जाते. विमानांच्या धावपट्टीसाठी नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात काढलेल्या सूत्रानुसार तरंगण्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी प्रमाणात असतो. ५० पौंड हवा भरलेल्या टायरसाठी तो ताशी ११८ किलोमीटरच्या आसपास येतो. शिवाय सायकलचा टायर अरुंद आणि गोल असल्यामुळे तो पाणी सहज दोन्ही बाजूंना ढकलतो. यावरून असे म्हणता येते की पावसाळ्यासाठी खोल नक्षीचे टायर घ्या, हा दुकानात मिळणारा सल्ला डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यापुरता फारसा उपयोगाचा नाही. नक्षी चिखलात आणि मातीत कामी येते. पक्क्या रस्त्यावर रबर मऊ आहे की उन्हाने कडक होऊन तडकले आहे, याला अधिक महत्त्व असते.

रस्ता सगळीकडे सारखा निसरडा नसतो, आणि सायकल चालवणाऱ्याचे कौशल्य बरेचसे याच ज्ञानात असते. सिग्नलच्या चौकाचे उदाहरण घेऊ. तिथे जाड पांढऱ्या रंगाचे पट्टे असतात. हा रंग म्हणजे रस्त्यावर वितळवून ओतलेले प्लास्टिक असते आणि रात्री चमकावे म्हणून त्यात काचेचे बारीक मणी मिसळलेले असतात. ओले झाले की त्याची पकड डांबरापेक्षा बरीच कमी होते. त्याच चौकात थांबलेल्या बस आणि ट्रकमधून तेल ठिबकलेले असते, कारण ठिबकायला थांबण्यासारखी दुसरी जागा नाही. पट्ट्यांच्या पलीकडे, डावीकडे वळण्याच्या नेमक्या रेषेत, पुष्कळदा मॅनहोलचे बिडाचे झाकण असते आणि त्यावरची उठावाची नक्षी वर्षानुवर्षांच्या वाहतुकीने घासून गुळगुळीत झालेली असते. सायकलस्वाराला ब्रेक लावायचा असतो तो पट्ट्यांवर, आणि वळायचे असते ते झाकणावर. शहरातला सर्वांत निसरडा तुकडा आणि पकडीची सर्वांत जास्त गरज असलेली जागा एकच असावी, ही रस्ता आखणाऱ्यांची चूक आहे. पण सायकल पडली की दोष मात्र चालवणाऱ्याच्या ‘निष्काळजीपणा’लाच दिला जातो.

रस्त्याच्या डाव्या कडेला, जिथे सायकलने चालावे अशी अपेक्षा असते, तिथे काँक्रीटचा पट्टा संपून पेव्हर ब्लॉकचा पट्टा सुरू होतो. दोन्हींच्या उंचीत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक असला आणि ती कड रस्त्याला समांतर असली, तर पुढचे चाक तिच्यावर तिरके चढत नाही, कडेला घासत राहते आणि हँडल हातात असूनही वळत नाही. कोरड्या रस्त्यावर रबर कडेला धरून कसेबसे वर चढते, ओल्या रस्त्यावर चढत नाही. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली उभी फट, पावसाळी गटाराच्या रस्त्याला समांतर गजांची जाळी आणि रेल्वे फाटकातले रूळ यांचेही तेच आहे. मुंबईत ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली, त्याआधीच्या सायकलस्वारांना हा धोका रोजचाच होता. अशी प्रत्येक रेषा शक्य तितक्या काटकोनात ओलांडावी, तिरकी कधीही नाही.

याशिवाय उड्डाणपुलांवरचे लोखंडी सांधे, मेट्रोच्या कामाच्या ठिकाणी खड्ड्यांवर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, डंपरच्या चाकांतून रस्त्यावर आलेली माती आणि मासळीच्या गाड्यांतून गळणारे पाणी आहेच. झाडांच्या सावलीतल्या, कमी रहदारीच्या गल्ल्यांत ऑगस्टपर्यंत शेवाळ धरते. ते हिरवे दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये, डांबरावर ते नुसते काळे दिसते. पाण्याखालचा खड्डा हा वेगळा विषय आहे. तिथे घसरण्यापेक्षा चाक अडकण्याचा धोका असतो आणि डबक्यातून न जाणे हाच त्यावर उपाय.

आता थोडे गणित, कारण ते पटले की पुढचे सगळे आपोआप पटते. चाकाची पकड महिन्याच्या पगारासारखी असते: वळणे आणि थांबणे हे दोन्ही खर्च त्याच एका रकमेतून भागवावे लागतात. पाच मीटर त्रिज्येचे वळण, म्हणजे एखाद्या गल्लीच्या तोंडाशी घेतलेले साधे डावे वळण, ताशी १५ किलोमीटरने घ्यायला ०.३५ इतकी पकड लागते. कोरड्या रस्त्यावर ०.७ असताना निम्मी शिल्लक पडते आणि मध्येच कोणी आडवा आला तरी ब्रेक लावता येतो. तोच रस्ता ०.३ झाला तर ब्रेकला हात न लावताही चाक सुटते. वेग ताशी १० किलोमीटर केला की गरज ०.१६ वर येते, कारण पकडीची गरज वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग एक तृतीयांशाने कमी केला आणि गरज निम्म्याहून खाली आली. बर्फावर मात्र ताशी १० किलोमीटरही परवडत नाही; तिथे हेच वळण ताशी सातच्या वेगाने, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाच्या वेगानेच, घ्यावे लागेल.

थांबण्याचाही असाच हिशेब आहे. ताशी २० किलोमीटरच्या वेगात, ब्रेक दाबल्यापासून, कोरड्या रस्त्यावर साधारण तीन मीटरमध्ये थांबता येते. याहून कमी अंतरात थांबू पाहिले तर सायकल पुढच्या चाकावरून उलटण्याची भीती असते, म्हणजे कोरड्या रस्त्यावर मर्यादा पकडीची नसून उलटण्याची असते. ०.३ वर हेच अंतर पाच मीटरच्या पुढे जाते आणि बर्फावर पंधरा-सोळा मीटर होते. शिवाय निसरड्या रस्त्यावर ब्रेकचा स्वभावच बदलतो. कोरड्यावर पुढचा ब्रेक दाबला की शरीराचे वजन पुढे येते, पुढचे चाक रस्त्यात रुतून बसते आणि अधिक ब्रेक पेलते. निसरड्यावर वेगच हळूहळू कमी होत असल्याने वजन फारसे पुढे येत नाही, पुढचे चाक हलकेच राहते आणि तितक्याच जोराने दाबलेला ब्रेक ते जागीच थांबवतो. फिरायचे थांबलेले पुढचे चाक म्हणजे गेलेला तोल. त्यामुळे पावसात मागच्या ब्रेकवर नेहमीपेक्षा अधिक भिस्त ठेवावी आणि पुढचा ब्रेक सोडून न देता हलक्या बोटाने वापरावा.

ब्रेक लागतो की नाही हा प्रश्न त्याच्याही आधीचा. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकमध्ये पाणी शिरले की पहिले काही फेरे रबर फक्त पाणी पुसत राहते. सायकलच्या चाकाचा एक फेरा साधारण दोन मीटरचा असतो, म्हणजे तीन-चार फेऱ्यांत सहा-आठ मीटर गेले. ॲल्युमिनियमच्या रिमवर त्यानंतर तरी ब्रेक नीट लागतो. पाववाले, दूधवाले, डबेवाले वापरतात त्या जुन्या धाटणीच्या सायकलींना क्रोम चढवलेली पोलादी रिम असते, आणि ती ओली झाली की ब्रेक लागल्यासारखा फक्त भास होतो. त्यात हँडलला डबे, कॅरिअरवर डब्यांची फळी. वजन वाढल्याने टायर अधिक घसरतो असे नाही, कारण वजनाबरोबर पकडही वाढते. ब्रेकची ताकद मात्र तेवढीच राहते आणि उंचावर बांधलेला भार सावरायला हँडलला दुप्पट मेहनत पडते. हे लोक भर पावसात दादर स्टेशनच्या गर्दीतून जाताना दिसतात तेव्हा ते ब्रेकवर विसंबून नसतात. ते मुळात वेगच घेत नाहीत आणि चौक यायच्या बऱ्याच आधी पायडल मारणे थांबवतात. ज्यांच्याकडे डिस्क ब्रेकची महागडी सायकल आहे त्यांनी याकडे लक्ष द्यावे, कारण डिस्क ब्रेक ओल्यातही लगेच लागतो आणि म्हणूनच निसरड्यावर चाक जागी थांबवायलाही तोच अधिक तयार असतो.

चालवण्याची पद्धत या सगळ्यातून आपोआप ठरते. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच, वेग कमी करून घ्यावा आणि वळताना ब्रेकला हात लावू नये. झाकण, प्लेट, पांढरा पट्टा टाळता येत नसेल तर त्यावरून जाताना सायकल उभी ठेवावी, हँडल सरळ ठेवावे, पायडल आणि ब्रेक दोन्ही सोडून नुसते वाहू द्यावे आणि पलीकडे डांबर लागल्यावर वळावे. टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आत राहून हवा थोडी कमी ठेवली तर रबर जरा अधिक टेकते. फार कमी केली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब चिमटून पंक्चर होते. सीट एखाद-दोन सेंटिमीटर खाली घेतली तर पाय पटकन टेकतो. शक्य असेल तर बऱ्याच दिवसांनी आलेल्या सरीत निघण्याऐवजी थोडे थांबावे, रस्ता धुऊन निघू द्यावा.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी थंड देशांत गेलेली आपली मुले तिथे पहिल्याच हिवाळ्यात सायकल घेऊन बाहेर पडतात. पावसाळ्यात शिकलेल्या या सवयी तिथेही चालतात, पण पुरेशा नसतात. बर्फाचा सर्वांत घातक प्रकार दिसतच नाही. दिवसा वितळलेले पाणी रात्री पातळ, पारदर्शक थराने गोठते आणि खालचे डांबर तसेच दिसत राहिल्याने रस्ता नुसता ओला वाटतो. पुलांवर तो आधी धरतो, कारण पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून थंड हवा लागते आणि जमिनीची ऊब मिळत नाही. शिंपडलेले मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, पण उणे दहाच्या आसपास त्याचा परिणाम मंदावतो, आणि त्याच मिठाने साखळी गंजते. फिनलंडमधल्या औलू शहरात लोक हिवाळाभर सायकल चालवतात. तिथे बर्फ पूर्ण खरवडून काढण्यापेक्षा दाबून घट्ट केलेला पृष्ठभाग राखण्यावर भर असतो, कारण कोरडा, थंड, खरखरीत बर्फ अर्धवट वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फापेक्षा कितीतरी चांगला. गुळगुळीत बर्फावर मात्र रबर कितीही मऊ असले तरी भागत नाही. त्यासाठी टंग्स्टन कार्बाइडच्या बारीक खिळ्यांचे टायर मिळतात, ते बर्फात रुततात. दोन घेणे परवडत नसेल तर एकच घ्यावा आणि तो पुढच्या चाकाला लावावा.